टॉर्च आणि डावा डोळा

सगळा देश संपावर होता त्या दिवशी मी कंपनीत बसून श्रीखंड-पुरी खाल्ली. रोह्यात ही गोष्ट इतक्या जणांनी इतकं तिखटमीठ लावून सांगितली आहे, की आमच्या अष्टमी गावाच्या पुलावर अजूनही मला कोणीतरी थांबवून विचारतं, "काय रे, वेलची होती का श्रीखंडात?" होती. जायफळही होतं. आता एकदाचं लिहूनच टाकतो, म्हणजे पुढच्याला नुसता कागद हातात देता येईल.

मी धाटावच्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर आहे. ऑपरेटर म्हणजे काय, तर आमच्याकडे एक भलंमोठं झाकणबंद पातेलं असतं, त्याला रिअॅक्टर म्हणतात. त्यात माल शिजतो. वाफ सोडायची, वाफ बंद करायची, थंड पाणी फिरवायचं आणि काटे बघत बसायचं. असलं पातेलं चुलीवर टाकून कोणाला उठून जाता येत नाही. म्हणून नियम असा की पुढच्या पाळीचा माणूस, म्हणजे रिलीव्हर, आल्याशिवाय जागा सोडायची नाही. घरून वाईट निरोप आला तरी आधी रिलीव्हर, मग रडणं.

हा चार्ज, म्हणजे प्लांटचा ताबा, देण्याघेण्याची आमची एक पद्धत आहे. जाणारा आणि येणारा मिळून एक फेरी मारतात. येणारा प्रत्येक पंपाला हात लावून बघतो, आणि फेरी संपली की जाणारा कमरेची टॉर्च काढून त्याच्या हातात देतो. टॉर्च गेली की जबाबदारी गेली. एकदा पाळी बदलताना एक बॅच, म्हणजे शिजत असलेला माल, उतू गेली आणि दोघं ऑपरेटर एकमेकांकडे बोट दाखवू लागले. साहेबांनी, म्हणजे आमच्या प्लांट मॅनेजरनी, एकच प्रश्न विचारला, "टॉर्च कोणाच्या हातात होती?" ज्याच्या हातात होती तो सस्पेंड झाला, दुसरा घरी जाऊन जेवला. तेव्हापासून साहेब येता-जाता ऐकवायचे, "टॉर्च ज्याच्या हातात, प्लांट त्याच्या डोक्यावर. मग तो कोणीही असो."

माझी बायको पेणची. तिथल्या एका गणपतीच्या कारखान्यात ती आखणी करते, म्हणजे मूर्तीचे डोळे काढते. अंगाचा रंग कोणीही मारतो, पितांबराची किनार एक-दोन सीझनमध्ये जमते, पण डोळे काढायला हात लागतो. आधी कित्येक वर्षं तिनं दाराजवळ बसून नुसते उंदीर रंगवले. मग दागिने, मग सोंडेवरचं काम, आणि मग कुठे तिला खिडकीची जागा मिळाली. त्या खिडकीतून दिवसभर सारखा उजेड येतो, म्हणून आखणीवाला तिथंच बसतो. ती जागा म्हणजे तिची पदवी, नोकरी आणि अब्रू, सगळं एकाच पाटावर. सीझनचे महिने ती माहेरी राहते आणि मी अष्टमीत एकटा, स्वतःच्या हातचं खातो. श्रीखंडाचा मुद्दा वाचताना हे कृपया ध्यानात ठेवावं.

त्या कारखान्यात वीसेक बायका आणि संडास एकही नाही. मालकाचं म्हणणं, "अगो, तुमी कलाकार, तुमी काय कामगार हायत?" कलाकाराला लघवी लागत नाही, हा शोध पेणमध्येच लागला. बायका शेजारच्या एका घरी जायच्या. त्या घरची बाई दुपारी जेवली की कडी लावून झोपायची आणि चहाच्या वेळेला उठायची. वीस बायकांचं पोट त्या एका बाईच्या झोपेवर चालायचं. माझी बायको सकाळपासून पाणीच प्यायची नाही, आणि मग सीझन संपला की मूत्रमार्गाच्या औषधाच्या बाटल्या मी आणायचो. मालकाला सांगून झालं होतं. तो दरवर्षी म्हणायचा, गणपती होऊ दे मग बघू, आणि गणपती झाले की कारखान्यात बाईच नसायची, बघणार कोणासाठी?

संपाची हाक आली तेव्हा आमच्या युनियनची सभा रोह्यात एका हॉलमध्ये झाली. नवे कामगार कायदे, कंत्राटी पद्धत, पेन्शन, सगळं बोलून झालं. अर्धं आम्हाला समजलं आणि बाकीच्या अर्ध्याचा राग आला. मला सभेत गप्प बसवत नाही. मी उठून म्हटलं, "सकाळी पहिल्या पाळीपासून संप. गेटमधून चिमणीपन आत जाता कामा नाय." टाळ्या पडल्या. आता, त्या आठवड्यात मला तिसरी पाळी होती, म्हणजे रातपाळी. संप सुरू होईल तेव्हा मी आत असणार, आणि मला सोडवायला येणारा माणूस त्या न येणाऱ्या चिमण्यांपैकीच एक. हे हॉलमधल्या एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नाही. रातपाळीचे आम्ही सगळे तर पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होतो.

ज्या बाईनं युनियनची वर्गणी कधी भरली नाही त्या माझ्या बायकोला ते फोनवर क्षणात कळलं.

"अवो, तुमची रातपाळी ना? मंग सकाळी तुमाला सोडवायला कोन येनार?"

"युनियन बघंल."

"युनियन तर बाहेर असनार."

"तू तुझे डोळे बघ गो," मी म्हटलं. मला शहाणपण शिकवलेलं खपत नाही.

"माझे डोळे मी बघितलेत," ती म्हणाली. "आमीपन उद्या बाहेर बसतोय. संडास पायजे म्हनून. बायका भीत होत्या. मी बोलली, माझा नवरापन संपावर हाय, त्याला कंपनीनं काय खाल्ला नाय."

झालं. म्हणजे पेणच्या वीस बायका माझ्या भरवशावर बाहेर पडणार होत्या.

सकाळी भोंगा झाला आणि कोणीही आलं नाही. जिन्यावर रोज ज्या चपलांचा आणि खोकल्यांचा आवाज येतो तो आला नाही. आम्ही संपाची नोटीस दिली होती, त्यामुळे कंपनीनं आदल्या दिवशीच प्लांट बंद करायला हवा होता. कंपनी म्हणाली होती, बघू. कंपनीचं 'बघू' आणि गणपतीच्या मालकाचं 'बघू' एकाच शाळेत शिकलेलं असतं. प्रत्येक प्लांटवर असा एकेक जण अडकला होता, आणि सगळ्यांचे मोबाईल नियमाप्रमाणे गेटवर जमा होते.

बाहेरचे विचारतात, सरळ उठून का नाही आलास? त्यांनी एकदा वर येऊन ते पातेलं बघावं. कंपनीच्या कुंपणापलीकडे घरं आहेत, दोरीवर लुगडी वाळत असतात. मला साहेबांचा राग होता, त्या लुगड्यांचा नव्हता. मी वाफ बंद केली, थंड पाणी फिरवलं आणि काट्याकडे बघत चरफडत बसलो.

तेवढ्यात कॅन्टीन आमच्याकडे चालत आलं. एरवी त्या कॅन्टीनच्या डाळीत तळ दिसतो. त्या दिवशी साहेब स्वतः ट्रे घेऊन आले, मागे मॅनेजमेंटचा एक गुळगुळीत चेहऱ्याचा मनुष्य. श्रीखंड, पुऱ्या, बटाट्याची भाजी, वर पापड. साहेब म्हणाले, "खा रे, रात्रभर काम केलंस." मी रात्रभर काम वर्षानुवर्षं करतोय, पापड पहिल्यांदाच दिसला. खाऊ नये असं मला एकदा वाटलं. पण आदल्या संध्याकाळी मी स्वतः केलेली खिचडी खाल्ली होती, आणि तिची चव अजून जिभेवर होती. पहिली पुरी तोंडात गेली तोच त्या गुळगुळीत माणसानं मोबाईल काढला. आम्हाला बंदी, त्याला मोबाईल चालतो. तोंडात पुरी असली की माणूस हसल्यासारखा दिसतो, तसा मी फोटोत आलो. डोक्यावर हेल्मेट, कमरेला टॉर्च, हातात वाटी, मागे चालू मशीन.

फोटो कुठे जाणार हे कळून मी वाटी खाली ठेवली. साहेब समजुतीनं म्हणाले, "आता पहिली पाळीही तूच कर. तुझा रिलीव्हर येईपर्यंत जाता येत नाही, नियम तुला माहीत आहे." आणि हसले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या घडीला मला युनियनचं काही वाटत नव्हतं. मला पेणच्या कारखान्याचा ओटा दिसत होता आणि त्यावर बसलेल्या बायका.

उन्हं वर आली तोवर काटा खाली आला होता. बॅच थंड झाली होती, तिला आता फक्त राखण हवी होती. मुंबईहून साहेबांना फोनवर फोन येत होते, माल वाचला का म्हणून. ते लगबगीनं वर आले आणि पातेल्याच्या झाकणावर जी बघायची काच असते तिला डोळा लावला. आतला रंग बघायचा होता. तिथला दिवा कधीपासून गेलेला, आम्ही सांगून थकलो होतो. आत अंधार. साहेबांनी मागे न बघता हात पुढे केला, "टॉर्च दे."

मी दिली.

दिल्यावर हात हलका लागला आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. मी हातमोजे काढले. रोज म्हणतो त्याच सुरात म्हटलं, "वाफ बंद, थंड पाणी चालू, एक पंप चालू, एक राखीव. चार्ज तुमच्याकडं, साहेब."

त्यांनी काचेवरून डोळा काढला. "कुठे निघालास?"

"घरी. रिलीव्हर आला."

"कोण आला?"

"टॉर्च कोणाच्या हातात हाय?"

साहेबांनी हातातल्या टॉर्चकडे असं बघितलं, जणू पाल पकडलीय. जिन्यावर माझ्यासारखीच रातपाळीपासून अडकलेली, झाडू मारणारी कंत्राटी बाई उभी होती, तिनं पदर तोंडाला लावला. साहेब स्वतः या प्लांटवर शिफ्ट बघून वर चढलेले, थंड बॅच सांभाळणं त्यांना जड नव्हतं, हे मला माहीत होतं. नाहीतर मी खाली उतरलो नसतो. पण उतरलो तो शिट्टी वाजवत उतरलो. ही बातमी प्लांटांमध्ये पसरली, आणि त्यानंतर म्हणे सगळे अधिकारी दिवसभर खिशात हात घालून फिरत होते. बाकीच्या अडकलेल्यांना दुपारी सोडावं लागलं, तेव्हा कुठे प्लांट बंद झाला.

गेटवर माझं स्वागत झकास झालं. व्हॉट्सअॅपवर फिरत फिरत फोटो माझ्या आधी पोचला होता. खाली लिहिलं होतं, 'उत्पादन सुरळीत'. झेंडे घेतलेले माझेच लोक "श्रीखंड, श्रीखंड" करत होते, आणि त्यात सर्वांत मोठा आवाज माझ्या रिलीव्हरचा. ज्याच्या न येण्यामुळे मी आत होतो तोच मला दलाल म्हणत होता. मी त्याच्यापुढं हात केला आणि म्हटलं, "गाडीची चावी दे."

"कशाला?"

"तू मला सोडवायला येनार होतास ना? आता गाडी तरी दे."

तो चूक कबूल करणारा माणूस आहे, दिली.

चावी मिळाली तोवर मी गेटवरून मोबाईल घेऊन उघडला होता. त्यात मेव्हणीचा आवाज होता. ती त्याच कारखान्यात किनारी रंगवते. "दाजी, मालकानं तुमचा फोटो सगल्यांना दाखवला. बोलला, बघा, हिचा नवरा कामावर बसून पुऱ्या खातोय आनि तुमाला उन्हात बसवलंय. बायका आत गेल्या. ताई एकटीच बाहेर हाय. बाराच्या आत आली नाय तर खिडकीची जागा दुसरीला देतो बोलतो. मीपन आत हाय, दाजी, पन मनानं बाहेर हाय."

मी गाडी पळवली. भिसे खिंड, नागोठणं, आणि पुढे तो हायवे, जो माझ्या लग्नाआधीपासून तयार होतोय आणि माझ्या मुलांच्या लग्नापर्यंत तयार होत राहील. खड्ड्यात पाणी, पाण्यात खडी. वाटेत मी देवाला, सरकारला आणि त्या गुळगुळीत माणसाच्या सात पिढ्यांना शिव्या घालत होतो. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. मी घरी बसलो तर दुसरी कंपनी शोधीन. पण तिनं उंदरांपासून सुरुवात करून ती खिडकी मिळवली होती, आणि ती माझ्या तोंडाच्या वाफेवर विसंबून गमावली जाणार होती.

मला वाटलं होतं ती रडत असेल. ती कारखान्याच्या ओट्यावर शेंगा खात बसली होती. मी तसाच, हेल्मेटसकट, अंगाला केमिकलचा वास मारतोय. तिनं एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं.

"आलात? श्रीखंड सांडलंय बघा शर्टावर."

"अगो, मी अडकलो होतो..."

"म्हाईत हाय. मी काल बोललीच होती."

"मग बायकांना सांगायचंस ना."

"सांगितलं. बोलली, ते रिलीव्हर आल्याबिगर उठनार नाय, त्यांच्या कामाचा नियम हाय. मला तर रिलीव्हरच नाय, मी मुळीच उठनार नाय. ऐकलं, आनि गेल्या आत. भ्यायल्या. घरात पोरं हायत त्यांच्या."

मी बाह्या सरसावल्या, मालकाला बघून घेतो म्हणून. तिनं माझा हात धरून खाली बसवलं. "बसा गप. शेंगा खावा."

"बारा वाजत आले. जागा जाईल तुझी."

"बसू दे कोन बसते ती."

तेवढ्यात ठाण्याच्या व्यापाऱ्याचा टेम्पो आला. ऑर्डरचे गणपती त्याच दिवशी न्यायचे होते. मालक खुशीत आत गेला. तयार मूर्तींवर धूळ बसू नये म्हणून प्लास्टिक टाकलेलं असतं, ते त्यानं ओढलं, आणि आतून असा आवाज आला, जणू त्याच्या पायावर पाट पडलाय. मी दारातून डोकावलो. मूर्ती ओळीनं मांडलेल्या. मुकुट, दागिने, पितांबर, सगळं चोख. उजवा डोळा सुंदर, पाणीदार. डावा कोरा. सगळ्यांचा. ओळीच्या ओळी गणपती मला डोळा मारत होते.

मी बायकोकडे बघितलं. ती शेंग फोडत होती. तिनं आदल्या आठवड्यापासून एकेक उजवा डोळा काढून वर प्लास्टिक टाकलं होतं.

पेणमध्ये एका मूर्तीचे दोन डोळे एकच माणूस काढतो. दुसऱ्याचा हात लागला की नजर जुळत नाही, मूर्ती तिरळी होते, आणि तिरळा गणपती कोणी घरी नेत नाही. मालकाला हे ठाऊक नव्हतं थोडंच? तरी त्यानं दुसऱ्या एका आखणीवालीला बसायला सांगितलं. ती म्हणाली, "तिचा अर्धा डोळा मी नाय घेनार." मग त्यानं स्वतः ब्रश उचलला. तरुणपणी तो आखणी करायचा, पण आता हात थरथरतो. त्यानं एक डोळा काढला. तो गणपती एका डोळ्यानं भक्ताकडे आणि दुसऱ्यानं हातातल्या मोदकाकडे बघू लागला. व्यापारी त्या मूर्तीपुढे वाकला आणि म्हणाला, "शेट, ही तुमच्याच घरी बसवा."

आत मला आणखी एक गोष्ट दिसली. खिडकीजवळचा पाट रिकामा होता. मालकानं तिघींना तिथं बसायला सांगून बघितलं होतं. त्या आत गेल्या होत्या, भ्यायल्या होत्या, फोटो खरा मानला होता, पण त्या पाटावर एकीनंही बूड टेकलं नव्हतं. मी डोक्यावरचं हेल्मेट काढून हातात घेतलं.

सगळ्यांत आधी मेव्हणी उठून बाहेर आली, मनानं आणि अंगानं. तिच्या मागून एकेक करत बाकीच्या. मालकही आला, हातात तोच ब्रश.

"अगो, डावे डोळे कधी काढशील?"

"शेट, गवंडी कधी येतो?"

"गणपती होऊ दे, मग..." त्यानं व्यापाऱ्याकडे बघितलं, टेम्पोकडे बघितलं. "उद्या आनतो."

"मंग डावा डोळापन उद्याच," ती म्हणाली आणि शेंगांची टरफलं पदरातून झटकली.

कंपनीत आता टॉर्च पॅनेलला साखळीनं बांधलेली असते आणि साहेब काचेत डोकावताना दोन्ही हात पाठीमागे ठेवतात. काचेजवळचा दिवाही लागला, इतकी वर्षं न लागलेला. आमच्या मोठ्या संपातून देशाला काय मिळालं ते मोठी माणसं सांगतील. मला एक दिवा मिळाला.

पेणला दुसऱ्या दिवशी गवंडी आला. ही खिडकीशी बसली, आणि पाया खणला जाईपर्यंत तिनं रंग कालवलासुद्धा नाही. मग भिंत चढेल तसे डोळे उघडत गेले. शेवटची ओळ तिनं दारासाठी राखून ठेवली होती. दार बसलं, आतून कडी लागते की नाही बघायला तीच पहिली आत गेली, आणि सावकाश गेली. बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता, आणि मालक हात वर करून त्याला सांगत होता, "थांब रे जरा, बाई आत हायत."